फ्रीजची बॅटरी, सेल्फची बॅटरी

डिझेल जीपचा सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद बॅटरीतून ३०० अँपिअरच्या आसपास करंट धावतो. आकडा ऐकून माणूस दचकतो, पण वेळ इतका थोडा असतो की खर्च होते ती जेमतेम पाव अँपिअर-तास वीज. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ती मिनिटा-दोन मिनिटांत भरून काढतो. आता त्याच गाडीत मागे १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा फ्रीज ठेवा. कॉम्प्रेसर चालू असताना तो ४ अँपिअर घेतो. सेल्फपुढे हे काहीच नाही. पण सेल्फने एका वेळी घेतली तेवढी वीज हा फ्रीज चार मिनिटांत संपवतो, आणि गाडी बंद करून सगळे झोपले तरी घेतच राहतो.

नाशिकमध्ये माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. "भाऊ, अजून एक बॅटरी टाकून द्या," म्हणत गिऱ्हाईक येतं, तेव्हा मी आधी हा हिशेब मांडतो. बहुतेकांच्या मनात असतं की एक पुरत नाही म्हणून दोन. तेवढंच असतं तर एकच मोठी बसवून भागलं असतं. करायचं असतं ते असं, की एकीने कितीही खर्च केला तरी दुसरीच्या साठ्याला हात लागता कामा नये. काही जण ट्रकचं उदाहरण देतात. ट्रकच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, १२ आणि १२ मिळून २४ व्होल्ट करायला. त्यातली एक उतरली तर गाडी उभी. त्याचा आणि आपल्या कामाचा काही संबंध नाही.

बॅटऱ्यांची जातही वेगळी. सेल्फसाठीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती एका झटक्यात भरपूर करंट देते. तिला दर रात्री अर्धी रिकामी केली तर त्या पातळ प्लेटांवरचा मसाला झडतो आणि काही महिन्यांत ती निकामी होते. फ्रीज, दिवे, कॅमेऱ्याचे चार्जर यांच्यासाठी जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी लागते. ती झटका तितका देत नाही, पण हळूहळू रिकामी होणं आणि पुन्हा भरणं सोसते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरीसुद्धा हे सोसते, म्हणून काही जण तीच जीपमध्ये ठेवतात. ती भिंतीशी स्थिर उभी राहायला बनवलेली आहे. खडकाळ रस्त्यावर ती हिंदकळते, तिचं ॲसिड सांडतं, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. माणसं बसतात त्या जागेत अशी बॅटरी मी ठेवत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही.

पूर्वी बॅटरी उतरण्याची एवढी धास्ती नव्हती. एमएम ५४० सारख्या जुन्या जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन होतं, डिझेल पंप सगळा यांत्रिक. उतारावर गाडी लावायची, सोडून द्यायची, दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा, इंजिन धरतं. कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर कधी उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि बॅटरी पार मेली की तो कॉम्प्युटरच जागा होत नाही. मग किती का माणसं लावा, धक्का मारून उपयोग नाही. जिथे मोबाइलची रेंज नाही तिथे सेल्फची बॅटरी म्हणजे घरी परतण्याची एकमेव सोय असते, आणि आपण तिच्यावर फ्रीज लावून ठेवतो.

दोन बॅटऱ्यांचं हे काम ज्या गाडीवर मी सर्वांत मन लावून केलं ती सहलीची गाडी नव्हती. पेठ-सुरगाणा भागात काम करणाऱ्या जनावरांच्या एक डॉक्टर आहेत. त्यांची जुनी थार, २५०० सीसीची कॉमन रेल डिझेल. सावळघाट उतरून गेलं की पाड्यांचे रस्ते सुरू होतात. डांगी गाईंचा तो मुलूख, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात नुसते दगड. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाळ्याच्या आधी द्याव्या लागतात, म्हणजे ऐन मे महिन्यात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तापली तर जोर जातो, आणि गोठली तरी वाया जाते. हे दुसरं पुष्कळांना माहीत नसतं, मलाही त्यांच्याकडूनच कळलं. थर्मासच्या पेटीत बर्फ घालून त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. मग फ्रीज घेतला आणि तो सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला.

त्या सॉकेटची वायर बारीक असते. फ्रीजने करंट ओढला की वायरीतच व्होल्ट पडतो आणि फ्रीजला वाटतं बॅटरी उतरली. तो स्वतःला बंद करून घेतो. हे होऊ नये म्हणून ड्रायव्हर पाड्यावर दोन-दोन तास इंजिन चालू ठेवायचा. डिझेल जळायचं, आणि गाडी उभ्यानेच चालू असताना अल्टरनेटर तसाही कमीच देतो. डॉक्टर म्हणाल्या, "भाऊ, मला गाडी बंद करून शांतपणे काम करता आलं पाहिजे. इंजिनच्या आवाजाला जनावरं बुजतात." कामाचा इतका स्पष्ट हेतू गिऱ्हाईक सांगत नाही सहसा.

पाना हातात घेण्याआधी मी वही घेतो. फ्रीज किती वेळा उघडता? गाडी सावलीत असते का? सलग किती वेळ चालते? रात्री कुठे उभी राहते? मेच्या उन्हात त्यांचा कॉम्प्रेसर निम्म्याहून अधिक वेळ चालणार हे उघड होतं. दिवस-रात्र मिळून सरासरी २ अँपिअर धरले तर २४ तासांत सुमारे ५० अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, म्हणजे १०० अँपिअर-तासाची हवी. लिथियम फॉस्फेटची असती तर मला अधिक आवडलं असतं. ती पुष्कळ खोलवर वापरता येते, १०० अँपिअर-तासाला वजन १०-१२ किलो, आणि थोड्या वेळात भराभर चार्ज घेते. पण बजेट नव्हतं. एजीएम घेतली. ही सीलबंद असते, ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत जिरवलेलं असतं, त्यामुळे सांडत नाही. वजन मात्र ३० किलोच्या घरात.

ती बोनेटखाली नको, मागे ठेवायची, हे मी लगेच ठरवलं. घाट चढून गाडी थांबली की बोनेटखाली हात ठेववत नाही इतकं तापलेलं असतं, आणि लेड-ॲसिड बॅटरीचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मागे सीटच्या पाठीशी लोखंडी पेटी केली, फरशीतून आरपार बोल्ट, खालून पट्टी. ३० किलोची वस्तू नुसत्या पट्ट्याने बांधून गाडी उलटली तर काय होईल याचा विचार बसवणाऱ्याने करायचा असतो, बसणाऱ्याने नाही.

दोन बॅटऱ्या जोडायच्या कशा, यावर दुकानात सगळ्यांत जास्त वाद होतो. चावीवर चालणारा सोलेनॉइड हा सगळ्यांत जुना मार्ग: चावी फिरवली की दोन्ही जोडल्या जातात. त्यात खोट अशी की सेल्फ मारतानाही त्या जोडलेल्याच असतात, आणि सेल्फचा करंट मागच्या बॅटरीतून बारीक वायरीने धावू बघतो. त्यापेक्षा व्होल्ट ओळखणारा रिले चांगला. पुढच्या बॅटरीवर १३.३ व्होल्टच्या आसपास दिसले की त्याला कळतं अल्टरनेटर चालू झाला. तेव्हाच तो दोघींना जोडतो, आणि व्होल्ट १२.८ च्या खाली आले की तोडतो. जुनी गाडी, दुसरी बॅटरी पहिलीच्या शेजारी, अल्टरनेटर साधा १४.२ व्होल्ट देणारा, असं असेल तर मी आजही हाच बसवतो. स्वस्त आहे, आत बिघडण्यासारखं फार काही नाही.

पण बीएस-६ आलं २०२० मध्ये, आणि त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर हुशार झाला. बॅटरी भरली की डिझेल-पेट्रोल वाचवायला तो स्वतःचा व्होल्ट खाली आणतो, ब्रेक मारला की वर नेतो. तो रिले बिचारा व्होल्ट पाहूनच वागतो. गाडी धावत असतानाच तो तोडून टाकतो आणि मागची बॅटरी दिवसभर प्रवास करूनही अर्धीच राहते. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जर लागतो. पुढून ११ येवोत की १५, मागे तो बॅटरीच्या जातीला हवा तोच व्होल्ट देतो आणि ठरलेल्या अँपिअरच्या वर ओढत नाही. लिथियम असेल तर तो हवाच. लिथियमचा आतला रोध इतका कमी असतो की मोकळी सोडली तर ती अल्टरनेटरची सगळी ताकद ओढून घेते, आणि हळू चालणाऱ्या गाडीत वारा कमी, म्हणून अल्टरनेटर जळतो.

डॉक्टरांची थार जुनी, अल्टरनेटर साधा. तरी मी २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जरच सांगितला, कारण अंतर. पुढच्या बॅटरीपासून पेटीपर्यंत वळणं धरून ५ मीटर, तेवढंच परत, म्हणजे १० मीटर तांबं. २५ अँपिअर बाहेर द्यायला चार्जर आत ३० च्या आसपास घेतो. बाजारात लोक सर्रास ६ स्क्वेअरची, म्हणजे ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकतात. तिच्यात ३० अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातो. रिले असता तर १४.२ मधून हा गेला म्हणजे मागे १३.३, आणि एवढ्यावर एजीएम फार हळू भरते. १६ स्क्वेअर टाकली की तोटा ०.३ वर येतो. मी १६ च टाकली. मागे परतीची वायरसुद्धा तेवढीच ओढली. जीपची बॉडी चासीवर रबरांवर बसलेली असते, मधल्या अर्थच्या पट्ट्या चिखलाने गंजतात, आणि मग काही महिन्यांनी फ्रीज का बंद पडतो हे कोणाला सापडत नाही. सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत मात्र मी परतीची वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर थेट घट्ट करत नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटवर नेतो. तो सेन्सर निगेटिव्ह टर्मिनलवर बसून किती करंट गेला-आला ते मोजतो. त्याला वगळून करंट नेला तर गाडीचा कॉम्प्युटर चुकीच्या हिशेबावर चालतो.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघायची सवय मी माझ्याकडच्या पोरांना लावली आहे. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरी चकाकी दिसली तर ती ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, शिवाय ओलाव्यात जोडावर ते कुजतं. किलोमागे स्वस्त मिळते म्हणून हीच वायर जाड तांब्याच्या नावाने विकली जाते, आणि मागून येणारा मेकॅनिक बॅटरीला दोष देतो.

वायरीच्या टोकाची थिंबल मी हायड्रॉलिक प्रेसने दाबतो. डाग दिलेला जोड दिसायला सुंदर, पण डाग वायरीत वर चढतो, तिथे वायर कडक होते, आणि थरथरीने बरोबर त्या जागी तुटते. थिंबलचा नवा पुडा आला की पहिली एक दाबून करवतीने आडवी कापायची. आत तारा वेगवेगळ्या दिसता कामा नयेत. सगळं तांबं एकजीव झालेलं दिसलं तर डाय बरोबर. वरून गोंदाचा स्लीव्ह, मग गरम हवा. पोरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. गाडी तयार झाल्यावर यातलं काहीही कोणाला दिसणार नसतं, आणि दहा वर्षं टिकायचं असतं ते नेमकं हेच.

फ्यूजबद्दल मी फार कडक आहे. पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात एक, मागच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात दुसरा. एकच फ्यूज पुरे असं म्हणणारे विसरतात की या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे दगड लागून वायर चासीला टेकली तर दोन्हीकडून करंट येऊ शकतो, आणि बॅटरी शॉर्ट झाली की हजाराच्या पुढे अँपिअर देऊ शकते. दुसरीकडे काम झालेली एक गाडी माझ्याकडे आली होती. पुढे फ्यूज होता, मागे नव्हता. गालिचा जळून त्याखालचा रंग फुगला होता. सुदैवाने गाडी चालू होती, माणसं आत जागी होती. फ्यूज वायर वाचवायला असतो, फ्रीज वाचवायला नाही. त्यामुळे त्याचा आकडा वायर किती सोसते यावर ठरवायचा. या कामात मी ६० चा टाकला: चार्जरच्या ३० ला पुरेसा मोकळा, आणि १६ स्क्वेअरची वायर तापण्याच्या कितीतरी आधी उडणारा.

डॉक्टरांच्या गाडीत आणखी एक गोष्ट करावीशी वाटली. लसीजवळ तापमानाचा प्रोब ठेवून त्याचा आकडा डॅशबोर्डवर आणला, खालीवर झालं की आवाज करणारा. फ्रीजच्या थंड भिंतीला कुपी टेकली तर ती गोठू शकते, म्हणून त्यांनी आत जाळीची छोटी मांडणी करून घेतली. फ्रीजमध्ये किती व्होल्टला स्वतःला बंद करायचं याच्या तीन पायऱ्या असतात. सेल्फच्या बॅटरीवर चालवायचा तर सर्वांत वरची ठेवतात. आता स्वतंत्र बॅटरी असल्यामुळे मधली ठेवली.

काम संपलं की मी गाडी लगेच देत नाही. फ्रीज लावायचा, चार्जर चालू, आणि मीटरचं एक टोक पुढच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मागे चार्जरच्या इनपुटवर. आकडा ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर एकेक जोड चाचपायचा. जो गरम लागेल तो खराब. मग खडकाळ रस्त्यावर फेरी मारून आणायची आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. पेटीच्या झाकणाला आतून वायरिंगचं चित्र चिकटवायचं, मराठीत, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचे ते लिहून. सुरगाण्यातला कोणी वायरमन कधी ते उघडेल, त्याला अंदाजावर काम करावं लागू नये.

हिमालयात जाणाऱ्या गाड्यांचं गणित उलटं होतं. तिथे फ्रीजचं महत्त्व कमी, कॅमेरे, लॅपटॉप आणि डिझेल हीटर यांचं जास्त. नाशिक-पुण्याचे तरुण लिथियम घेऊन येतात, आणि हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला जायचं म्हणतात. ० अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत धातूचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीतलं संरक्षण चार्जिंग अडवतं; मग सकाळी गाडी चालू आहे, चार्जर चालू आहे, पण बॅटरी भरत नाही, अशी तक्रार फोनवर येते. ती बॅटरी केबिनमध्ये, माणसांच्या उबेत ठेवावी लागते. लेड-ॲसिडचा धोका निराळा. भरलेली असेल तर उणे ४० लाही गोठत नाही, पण उतरलेलीत ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं, आणि ती उणे १० च्या आसपास गोठून फुटू शकते. थंडीत सेल्फला झटकाही कमी मिळतो. म्हणून या पोरांना मी सांगतो, मागची बॅटरी कोणतीही घ्या, पुढची नवी करून जा.

राहिला डॉक्टरांच्या बॅटरीचा एक प्रश्न. एजीएम ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरते, पण शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास घेते. पाड्यावरून पाड्यावर त्यांची गाडी वीस-तीस मिनिटं चालते. अशी रोज अर्धवट भरत राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि १०० ची बॅटरी वर्षात ६० ची होते. डॉक्टरांच्या मनात टपावर सोलर पॅनल होतं. मी नको म्हटलं. त्यांची गाडी आंब्याच्या सावलीत उभी राहते, कारण फ्रीजला सावलीच हवी, आणि जून ते सप्टेंबर त्या भागात सूर्य दिसत नाही. त्या पैशात २३० व्होल्टवर चालणारा १० अँपिअरचा चार्जर बसवला, मागच्या बंपरवर झाकणाचं सॉकेट. पेठला त्या राहतात तिथे रात्री वीज जाते-येते, पण या चार्जरला त्याने फरक पडत नाही. वीज आली की तो उरलेलं काम पुन्हा हाती घेतो.

ड्रायव्हरला एक भीती होती: सकाळच्या घाईत प्लग तसाच राहिला आणि गाडी निघाली तर? त्याने सुचवलं की प्लग लागलेला असेल तर सेल्फच लागू नये असा रिले टाका. सूचना चुकीची नव्हती, मोठ्या गाड्यांत असं करतातही. पण मी ते केलं नाही. तो रिले सेल्फच्या तारेत बसणार, आणि उद्या पाण्याने किंवा गंजाने बिघडला तर दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असूनही गाडी जंगलात उभी राहणार. सेल्फच्या वाटेत एकही जास्तीचा जोड मला नको होता. त्याऐवजी स्टिअरिंगच्या मागे लाल दिवा आणि बझर दिला. प्लग लागलेला असताना चावी फिरवली की तो ओरडतो, आणि प्लग काढेपर्यंत ओरडत राहतो.